जास्तीचं कासव

"आता शिकवायलाही पेटी! उद्या पोरांची नाकं पुसायला पेटी येईल, आणि आपण बसू दाराशी चपला सांभाळत."

शिक्षकखोलीच्या दाराशी चाकांची पेटी थांबली, आणि ती ओढणारी बाईही थांबली. आतून कुणीतरी हसलं, बशीत चमचा वाजला. तिने पेटीचा दांडा मुद्दाम खट्‌ असा आवाज करत खाली दाबला आणि आत पाऊल टाकलं.

"चपलांचंही मशीन येतंय, सर," ती म्हणाली. "तीही नोकरी तुमची राहायची नाही."

बोलणारे चौथीचे सर होते. ते क्षणभर ओशाळले, मग मोठ्याने हसले आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. एवढं झालं की शाळेत शिरकाव झाला असं समजायचं, हे ती अनुभवाने शिकली होती. तिला सगळीकडे पेटीवालीच म्हणत. पेटीत वर्गाला पुरतील इतके टॅब, एक प्रोजेक्टर आणि कितीही गुंडाळल्या तरी गुंता होणाऱ्या वायरी. काम असं, की शाळाशाळांतून जायचं, शिक्षकांच्या शेजारी उभं राहायचं आणि हे सगळं वर्गात वापरायला त्यांना मदत करायची. त्यात यंत्राचा भाग सगळ्यात सोपा. आधी शिक्षकांची भीती घालवायची, मग मुख्याध्यापकांचा उत्साह आवरायचा, आणि त्यातून वेळ उरलाच तर मुलांकडे वळायचं.

इथल्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांच्यात मात्र आवरण्याजोगा उत्साह दिसेना.

"तुम्ही तिसरीत जा," ते म्हणाले. "बाकीचे वर्ग नंतर बघू."

"तिसरीच का?"

"वर्ग जरा गप्प झालाय."

"मुलं गप्प झाली म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच, सर."

ते हसले नाहीत. टेबलावरच्या वाटीतल्या टाचण्या त्यांनी बोटाने एका बाजूला गोळा केल्या. "विचारलं तर उत्तर देत नाहीत. खाली बघतात. बाई चांगल्या आहेत हो, पहिलीपासून हीच मुलं त्यांच्याकडे आहेत. पण परीक्षा तोंडावर आलीय, पालक विचारतात. वर्ग बोलता झाला नाही, तर बाईंना दुसरा वर्ग द्यावा लागेल मला. त्यांना ते सोसायचं नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"काही झालं होतं का वर्गात?"

"मुलं आहेत. काही ना काही होतच असतं," मोठे सर म्हणाले, आणि कुणालाच बोलवायचं नसताना त्यांनी टेबलावरची घंटा वाजवली.

तिसरीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. उंच खिडक्या, कोपऱ्यात दार न लागणारं कपाट, भिंतीवर मुलांनी आपापला हात ठेवून गिरवलेले रंगीत पंजे. तिसरीच्या बाई उंच होत्या आणि उंच माणसं लहान मुलांत राहून वाकतात तशा खांद्यात वाकलेल्या. बाहीवर कायमची खडूची पूड. पेटीवाली मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली आणि बघत राहिली.

बाई शिकवत छान होत्या, पण एकाही मुलाला एकट्याला काही विचारत नव्हत्या. "सगळे मिळून सांगा" म्हणायच्या, की तीसेक गळ्यांतून एकच सपाट आवाज यायचा. हजेरीसुद्धा तोंडाने घेत नव्हत्या. नुसती नजर फिरवली आणि लिहून टाकलं. जुन्या वळणाच्या दिसतात, पेटीवालीने मनात नोंदवलं. सगळा वर्ग एका दावणीला बांधायचा, म्हणजे कुणी सुटायला नको.

दुसऱ्या बाकावर एक बारीकशी मुलगी अगदी कडेला, अर्धी बाहेर लोंबकळत बसली होती. शेजारची जागा रिकामी.

"अगं, नीट मधे बस की. पडशील ना."

मुलीने बाईंकडे पाहिलं.

"राहू दे तिला," बाई म्हणाल्या. "तिची मैत्रीण आजीकडे गेलीय. आली की बसेल इथे." हे त्या पाढा म्हणावा तशा खणखणीत आवाजात बोलल्या. सगळ्या वर्गाने एकदम खाली मान घातली, जणू बाकांवर वाचण्यासारखं पुष्कळ लिहिलेलं होतं.

मधल्या सुट्टीत पेटीवालीने टॅब काढले. बाईंनी एक उचलला तो दोन्ही हातांनी, कुणाचं तरी तान्हं बाळ घ्यावं तसा.

"माझ्या हातून मोडला तर?"

"पेटीत दुसरा आहे. तुम्ही मोडलात तर मात्र दुसऱ्या मिळायच्या नाहीत, तेव्हा आधी श्वास घ्या."

बाईंच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. पेटीवालीला तेवढं पुरे होतं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा, तोच त्याचा शिक्का. भिंतीवर प्रश्न पडला की मुलाने टॅबवर बोट टेकवायचं आणि त्याचा प्राणी भिंतीवर उत्तराच्या घरात जाऊन बसायचा. उभं राहायला नको, बोलायला नको, चुकलं तरी कुणाचं चुकलं ते फक्त बाईंना आणि ज्याचं त्याला ठाऊक. पण मुलांची जात कसली गुपित ठेवायला बसलीय! कोण हत्ती, कोण कावळा, कोण उंट हे सुट्टी संपायच्या आत शाळाभर झालं. कडेला बसणारी मुलगी खार झाली.

पहिल्या दिवशी नुसती बोटं चालली. दुसऱ्या दिवशी हत्ती आणि कावळा एकाच घरात शिरले, तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसलेल्याने घाबरून तोंडावर हात ठेवला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतरच्या दिवशी हत्ती भलत्याच घरात जाऊन बसला. बाई भिंतीकडे बघत, अगदी सहज, सवयीने असावं तसं म्हणाल्या, "काय रे हत्ती, असं का वाटलं तुला?"

वर्ग चिडीचूप झाला. एक गुबगुबीत मुलगा उभा राहिला.

"मला वाटलं वजाबाकी आहे, बाई."

"आणि आहे काय?"

"बेरीज. पण ती वजाबाकीसारखी दिसते."

"मला पण लांबून तू कावळ्यासारखा दिसतोस," खिडकीजवळून कावळा म्हणाला, आणि वर्ग फुटला. धरण फुटावं तसा हसला. बाईंचा खडू धरलेला हात हवेतच राहिला होता. त्या गर्रकन फळ्याकडे वळल्या आणि काही लिहिलेलं नसताना फळा पुसू लागल्या. पेटीवालीने आपल्या वायरीत डोकं घातलं. काही वेळा माणसाला पाठ करून उभं राहू द्यावं लागतं.

पुढे बोलणं वाढत गेलं. भांडणंसुद्धा सुरू झाली, आणि वर्ग बरा होत असल्याची त्याहून खात्रीची खूण नाही. राहिलं एक कासव.

ते पहिल्यांदा कधी आलं कळलं नाही. पण सगळे प्राणी आपापल्या घरात बसले, गलका थांबला, की मग जरा वेळाने, सावकाश, एक कासव येऊन बरोबर उत्तरावर बसायचं. नेहमी शेवटी. पेटीवालीने टॅब मोजले, डोकी मोजली. दोन्ही सारखीच. भिंतीवरचे प्राणी मात्र एकाने जास्त. म्हणजे कुणीतरी आपलं उत्तर देऊन झाल्यावर कासव होऊन पुन्हा देत होतं.

"कासव कोण आहे रे?" तिने एकदा विचारलं.

कुणी हललं नाही. "आहे एक जण," कावळा म्हणाला, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कासव येईपर्यंत बाई पुढचा प्रश्न घेत नसत. भिंतीकडे बघत थांबून राहात. ते आलं, की त्यांचा चेहरा जरा सैल होई.

"सगळ्यांची उत्तरं आली की, बाई. कुणासाठी थांबता?"

"असतं एखादं हळू," बाई म्हणाल्या.

शिक्षकखोलीत तिने चौथीच्या सरांना गमतीने सांगितलं, "तिसरीत एक कासव जास्तीचं निघालंय हो."

ज्या माणसाकडे कशालाही जबाब तयार असायचा, त्याने कपात पाहिलं. "चहा गारच झाला," असं म्हणून सर कप घेऊन बाहेर गेले. कपातून वाफ येत होती.

दुसऱ्या दिवशी मोठे सर वर्ग बघायला येणार होते. बाईंचा वर्ग बाईंकडे ठेवायचा की नाही हे त्यावरच ठरायचं होतं. पेटीवालीला सगळं चोख हवं होतं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. समोर सासूबाई डाळ निवडत होत्या, ताट उजेडाकडे तिरकं धरून.

"काय गं, कपाळाला आठ्या का?"

"वर्गात एक नाव जास्तीचं आहे. उद्या सर बघतील आणि म्हणतील, मुलं इतकी आणि उत्तरं तितकी कशी?"

"मग काढून टाक. खडा दिसला की काढावा, दात तुटायची वाट बघू नये."

"मुलांनी गमतीने घेतलं असेल हो."

"गमतीचा असला तरी खडाच तो," सासूबाई म्हणाल्या आणि चिमटीतला काळा कण टेबलाच्या कडेवर ठेवला.

पेटीवालीने कासवावर बोट ठेवलं. 'हे कायमचं काढायचं का?' असं पडद्याने विचारलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिने होय म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि सासूबाईंच्या ताटाची दुसरी बाजू आपल्याकडे ओढून घेतली.

सकाळी मोठे सर मागच्या बाकावर येऊन बसले. मुलं टवटवीत होती. पहिला प्रश्न भिंतीवर पडला, आणि हत्ती, उंट, कावळा, खार, एकेक जण धावत आपापल्या घरात जाऊन बसला. गलका थांबला. बाई भिंतीकडे बघत थांबल्या. सगळा वर्ग थांबला.

काहीच आलं नाही.

खारीने टॅबवर पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा, जोरात. मग कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने हत्तीकडे पाहिलं. भिंतीवरच्या रांगेत शेवटची जागा रिकामी होती.

"कासव कुठाय?" विचारणाऱ्या बाई होत्या.

"ते मी काढलं," पेटीवाली हसून म्हणाली. "जास्तीचं होतं."

खारीने आपला टॅब उलटा करून बाकावर ठेवला, आवाज न करता. मग तिच्या पुढच्या मुलाने. मग शेजारच्या रांगेने. एकेक करून सगळे टॅब पालथे झाले आणि सगळ्या माना खाली गेल्या. पेटीवाली आली त्या दिवशी वर्ग जसा होता तसा झाला. त्याहून वाईट, कारण आता तिने यांचे आवाज ऐकलेले होते.

बाई व्हरांड्यात गेल्या. मागोमाग पेटीवाली, आणि अवघडत मोठे सरही आले. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"बाई, माझं काय चुकलं?"

"तुमचं कुठलं चुकायला! तुम्हाला आम्ही कुणी सांगितलं होतं का काही?" बाई कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. "त्या रिकाम्या जागेवरची मुलगी सगळं हळू करायची. डबा खायला हळू, दप्तर भरायला हळू. शाळा सुटली की सगळे गेटापाशी, आणि ही अजून पेन्सिल शोधतेय. मी ओरडायचे, अगं कासवा, चल. मग सगळेच म्हणायला लागले कासव." त्या जरा थांबल्या. "ताप आला होता. साधाच वाटला. दवाखान्यात नेलं, आणि मग… मग नाही आली."

पेटीवालीने व्हरांड्यातल्या खांबाला हात लावला. थंड होता.

"मुलांना आजीकडे गेलीय असं सांगितलं," मोठे सर हळू आवाजात म्हणाले. "मीच सांगायला लावलं. परीक्षा होईपर्यंत. लहान आहेत. वाटलं, एवढी परीक्षा होऊ दे."

"आणि मुलांनी विचारलं नाही, कधी येणार म्हणून?" पेटीवालीने विचारलं.

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या.

सुट्टी कधी लागणार हे दिवसातून दहा वेळा विचारणारी मुलं. सहलीला कधी जायचं, फळा कोण पुसणार, पाऊस थांबेल का, असं विचारून जीव नकोसा करणारी मुलं.

"हजेरी घेताना तिच्या नावापाशी यायचे आणि पुढचं नाव निघायचं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून नावं घ्यायचीच सोडली. मग तुमचं ते कासव आलं भिंतीवर. कळत होतं हो मला, कुणीतरी पोर करतंय. कळत असूनही वाटायचं, येऊ दे. मी थांबायचे त्याच्यासाठी. मोठी बाई मी, पण मला बरं वाटायचं." त्यांनी बाहीने तोंड पुसलं, गालावर खडू लागला. "आता बास. मी सांगते त्यांना."

"परीक्षा आठवड्यावर आली, बाई."

"सर, आत जो बसलाय तो काय परीक्षेला बसणारा वर्ग आहे?"

मोठ्या सरांनीच पुढे होऊन वर्गाचं दार ढकललं आणि बाईंना वाट दिली.

आत मुलं होती तशीच होती. पेटीवालीने प्रोजेक्टर बंद केला. भिंत पुन्हा भिंत झाली. बाई टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात एकमेकांत धरून.

"मुलांनो," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही नीट ऐका हं. म्हणजे आपली… आपली ती…"

शब्द तिथेच अडकला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा अडकला.

खार उठली. कडेलाच बसलेली, म्हणून कुणाला उठवावं लागलं नाही. तिने आधी हत्तीकडे पाहिलं, मग कावळ्याकडे. कावळ्याने मान हलवली. ती टेबलामागे गेली आणि बाईंची खुर्ची दोन्ही हातांनी ओढत पुढे आणू लागली. खुर्ची तिच्याएवढीच होती. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. हत्तीने आपली पाण्याची बाटली उघडली आणि घेऊन आला.

"तुम्ही आधी बसा, बाई," खार म्हणाली.

"अगं, पण मी…"

"बसा ना. बसूनच ऐकायचं असतं."

बाई बसल्या. बसल्यावर त्यांचा चेहरा मुलीच्या चेहऱ्याच्या समोर आला. हत्तीने बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्या प्यायला लागेपर्यंत तो हलला नाही. मागच्या बाकावर मोठे सर आणि दाराशी पेटीवाली, दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"आम्हाला वाटलं होतं, परीक्षा झाल्यावर सांगू," खार म्हणाली. मोठी माणसं समजूत घालताना लावतात तसा आवाज तिने लावला होता, आणि तो मधेमधे हलत होता. "तुम्ही रोज म्हणायचात ना, ती आली की इथे बसेल. मग आम्हाला कळलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नाहीये. म्हणून आम्ही सगळे पाळीपाळीने कासव व्हायचो. तुम्हाला बरं वाटायचं, म्हणून. पण आता ते कासव पण नाही."

तिने बाईंचा खडूने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एकदम रडायचं नाही हं. बाई, ती आजीकडे नाही गेलेली. आमच्या वरच्याच मजल्यावर राहायची ना ती, मला माहितीये. ती वारली."